वीस इंच केस

माझी बायको बहिणीच्या बाळंतपणासाठी आठवडाभर गेली आणि जाताना माझ्या गळ्यात दोन कामं टाकून गेली. एक, मुलीच्या रोज सकाळी दोन वेण्या घालायच्या. दोन, शुक्रवारी तिच्या शाळेत जायचं. वेण्यांचं मी हसण्यावारी नेलं. "अगं, बावीस वर्षं केसांवर पोट भरतोय मी," असं म्हटलं. ती बॅगेची चेन ओढता ओढता म्हणाली, "तू कापतोस. कापणं वेगळं, बांधणं वेगळं." बायका एक वाक्य टाकून निघून जातात आणि आपण आठवडाभर त्याचं उत्तर शोधत बसतो.

मुलगी तिची. म्हणजे आता आमची, पण हे 'आमची' अजून एकाच बाजूनं होतं. अडीच वर्षांपूर्वी मुलीचे वडील आजारपणात गेले. मी या घरात येऊन आठ महिने झाले होते. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. अंगानं काडी, मानेनं ताठ आणि बोलायला टोचरी, म्हणून तिची आई तिला टाचणी म्हणते. मीही म्हणतो, पण मनातल्या मनात. तोंडावर म्हणायची माझी टाप नव्हती.

ती मला काहीच म्हणत नसे. आईनं एकदा "काका म्हण" असं सांगून पाहिलं. तिनं शहाण्यासारखी मान डोलावली आणि पुढचे आठ महिने मला एकदाही हाक न मारता काढले. करून बघा कधी, वाटतं तितकं सोपं नाही. "साखर संपलीये," हे ती भिंतीला सांगायची. "कोणीतरी दार उघडा," म्हणायची, आणि घरात तेव्हा कोणीतरी म्हणजे मीच एकटा असायचो. उद्धट म्हणावं तर तसंही नाही. ताट उचलून ठेवायची, चप्पल जागेवर काढायची, आणि मला असं टाळून जायची की मला तिच्यावर साधं रागावताही येऊ नये.

शाळेत त्या आठवड्यात उपक्रम सप्ताह होता. त्याचा कागद फ्रीजवर लावलेला होता. सोमवारी कुंड्यांत रोपं लावणे, मंगळवारी मोजमाप दिवस, बुधवारी कागदाचे मुखवटे, गुरुवारी शर्यती आणि शुक्रवारी 'घरचं माणूस, घरचं काम'. प्रत्येक मुलानं घरातलं एक माणूस आणायचं आणि ते काय काम करतं हे वर्गाला स्वतः सांगायचं. खाली एक चिठ्ठी होती, फाडून गुरुवारपर्यंत द्यायची. 'येणाऱ्या व्यक्तीचं नाव' असं छापून पुढे रेघ. रेघ कोरी होती.

"आई नाही म्हटल्यावर तूच जाणार," बायको म्हणाली होती.

"तिनं विचारलं तर जाईन."

"ती कसली विचारतेय! तूच विचार ना."

मी नाही विचारणार, असं मी तिला ठणकावून सांगितलं. ताठ मान काय फक्त तिच्या लेकीलाच असते? खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मी विचारलं आणि ती "नको" म्हणाली, तर ते "नको" घेऊन मी त्याच घरात कुठे जाऊन बसणार? मला तिनं बोलवायला हवं होतं. तिनं आपल्या हातानं त्या रेघेवर माझं नाव लिहावं, बाकी मला त्या आठवड्याकडून काही नको होतं.

सोमवारी सकाळी ती बेसिनवरच्या आरशापुढे स्टुलावर उभी राहिली आणि हात मागे करून कंगवा पुढे केला. आता माझी एक खोड सांगतो. मला समोरासमोर बोलता येत नाही. बावीस वर्षं मी माणसांच्या मागे उभा राहून आरशातून बोलत आलोय. आरशात मी राजा आहे. साहेब असो, हमाल असो, मी बोलायला लागलो की गिऱ्हाईक दाढी झाली तरी उठत नाही. पण तेच गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं की माझी दातखीळ बसते. पोरीशी माझं कधी जमलं नाही, त्याचं निम्मं कारण हे असावं. आठ महिने आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसून जेवत होतो.

आरशात ती दिसली आणि माझं तोंड सुटलं. केस कसे आहेत, भांग कुठून घेऊ, आमच्याकडे एक गिऱ्हाईक येतं त्याच्या डोक्यावर तीन भोवरे आहेत. ती हसली नाही, पण ऐकत होती. वेण्या मात्र अशा झाल्या की एक पूर्वेला निघालेली, दुसरी पश्चिमेला. तीन पेड घ्यायचे हे मला माहीत होतं, पण ते धरायला दोन हात कसे पुरतात ते आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मी विचारलं, "वेण्या बघून बाई काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, वाटेत वारा होता का." एवढं ती भिंतीला म्हणाली आणि हात धुवायला गेली. नखांत कुंडीतली माती होती.

मंगळवारच्या मोजमापासाठी घरातली एक गोष्ट मोजून न्यायची होती. तिनं टेबल मोजलं, बादली मोजली, मग म्हणाली की हे सगळेच आणतील. मी म्हटलं, "केस मोज." ती चक्क आरशापुढे जाऊन उभी राहिली. मी फूटपट्टी लावली. मुळापासून टोकापर्यंत वीस इंच.

मग मला चेव आला. "केस महिन्याला अर्धा इंच वाढतो," मी म्हणालो. "म्हणजे वर्षाला सहा. केस बघून मी सांगू शकतो, कोण कधी आजारी होतं, कोणी कधी काळजी केली."

"मग हे टोक किती जुनं?"

"वीस इंच म्हणजे चाळीस महिने. तीन वर्षं आणि वर चार महिने."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. चुकली, परत मोजलं. मग केस पुढे घेऊन त्यांची टोकं मुठीत धरली आणि तशीच झोपायला गेली. मला वाटलं, माझ्या हुशारीवर पोरगी खूश झाली. तीस महिन्यांपूर्वी या घरात काय झालं होतं, ते मला माहीत होतं की नव्हतं? माहीत होतं. पण स्वतःचीच टिमकी वाजवत असताना माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही.

मंगळवारी सकाळी वेण्या घालताना ती एवढंच म्हणाली, "टोकं ओढू नका." मी म्हटलं, बरं.

बुधवारी शाळा सुटल्यावर ती एरवीसारखी घरी न जाता थेट माझ्या दुकानात आली. हातात मुखवटा होता, बहुतेक घुबडाचा, आणि उजव्या वेणीच्या खाली डिंकाचा हा एवढा गोळा. बाजूच्या मुलानं पुठ्ठ्याला लावायचा डिंक तिच्या वेणीला लावला होता. आपण होऊन माझ्या दुकानात यायची ही तिची पहिलीच वेळ. मला इतका आनंद झाला की खुर्चीतल्या म्हाताऱ्या पोस्टमनना मी साबण लावलेल्या अर्ध्या दाढीसकट उठवून बाकावर बसवलं. खुर्चीच्या दोन हातांवर लहान मुलांसाठीची फळी टाकली आणि तिला वर बसवलं.

"हे काढा," ती आरशातल्या मला म्हणाली.

वेणी सोडली. गोळा चांगलाच बसला होता. डिंकाला कोमट तेल लावायचं, थोडं थांबायचं, मग कंगव्यानं हळूहळू मोकळा करायचा, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण माझा डावा हात बटेला दोन बोटांत पकडतो, तेव्हा उजवा मला विचारायला थांबत नाही. बावीस वर्षांची सवय आहे त्याची. कच्चकन आवाज झाला तेव्हा मलाच कळलं की कात्री माझ्या हातात होती. चार बोटं केस खाली पडले; डिंकात अडकलेले थोडे गोळ्याबरोबर राहिले, बाकीचे टेबलफॅनच्या वाऱ्यानं दुकानभर पसरले.

ती ओरडली नाही. आरशात आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, मग फळीवरून उडी मारून जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी केस गोळा करू लागली. त्या दिवशी सकाळपासून अकरा डोकी झाली होती आणि मी झाडू मारलेला नव्हता. तिच्या मुठीत येत होते ते कोणाकोणाचे, पांढरे, काळे, तेलकट, आखूड केस.

"अगं, राहू दे, घाण आहे ती," मी म्हणालो.

तिनं वर बघितलं. सरळ माझ्याकडे, आरशात नाही. "तू का कापलेस? ते बाबांच्या वेळचे होते!"

आठ महिन्यांत पहिल्यांदा ती मला तू म्हणाली. मग रडायला लागली, आणि रडता रडता हिशोब सांगत राहिली. वरून पंधरा इंच सोडले की खालचे पाच बाबा होते तेव्हाचे आहेत. बाबांनी ते विंचरलेले आहेत. हात लावलेला आहे. तूच सांगितलंस ना, महिन्याला अर्धा इंच?

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी आजवर नुसतं बोलत आलो होतो. मी फॅन बंद केला. दुकानाचं दार लोटलं, म्हणजे वारा येणार नाही. आणि जमिनीवर पालथा पडलो.

एक गोष्ट मला येते आणि ती मी छाती ठोकून सांगेन. केस मला ओळखता येतो. मोठ्या माणसाचा जाड असतो, रोज मशीन फिरवणाऱ्याचा टोकाला बोथट. लहान पोरीचा केस बारीक, आणि टोकाकडे उन्हानं जरा भुरा झालेला. असे केस त्या जमिनीवर फक्त तिचेच होते. मी एकेक उचलून तिच्या तळहातावर ठेवत गेलो. आधी ती माझ्याकडे बघेना. मग मी ठेवलेला प्रत्येक केस उजेडात धरून तपासू लागली. एकदा म्हणाली, "हा नाही." बघितलं, तर खरंच नव्हता.

"माझी दाढी?" पोस्टमन म्हणाले. साबण त्यांच्या गालावर वाळून पांढरा पडला होता.

"आज राहू द्या."

"राहू दिली," ते म्हणाले आणि त्यांनी दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले. "तो बघ एक, माझ्या चपलेच्या पट्ट्याला अडकलाय. आणि तिकडे, खुर्चीच्या चाकाखाली." म्हाताऱ्याची नजर अजून तल्लख होती. तासभर आम्ही तिघं तेच करत होतो. दोन गिऱ्हाईकं दारातून डोकावली आणि मला पालथा पडलेला बघून परत गेली. शेवटी पोस्टमननी खिशातून एक कोरा लिफाफा काढून तिला दिला. खिशात लिफाफे ठेवायची त्यांची सवय नोकरी सुटली तरी सुटलेली नाही. तिनं केस आत घातले, कड जिभेनं ओली करून तो बंद केला आणि दप्तरात ठेवला.

घरी जाताना ती माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. मला माफी मागायची होती आणि तोंडाला कुलूप लागलं होतं. चपलांच्या दुकानापाशी ती थांबली. काचेत आम्ही दोघं दिसत होतो, ती पुढे, मी मागे.

"चुकलो मी," मी काचेतल्या तिला म्हणालो. "फार मोठी चूक झाली."

"डिंक तेलानं निघतो. बाई म्हणाल्या होत्या."

"मला माहीत होतं."

"मग?"

"हात आधी गेला गं."

ती काचेमागच्या चपला बघत उभी राहिली, मग चालू लागली. या वेळी दोन नाही, एकच पाऊल पुढे होती. निदान मी तरी तशी मनाची समजूत घातली.

गुरुवारी तिनं कंगवा दिलाच नाही. आपले केस आपणच बांधले, एक वेणी लांब, एक आखूड, आणि शर्यतीला गेली. चौथी आली, हे मला शेजारणीकडून कळलं. संध्याकाळी फ्रीजवरची चिठ्ठी फाडलेली दिसली. कोणाचं नाव दिलं असेल, याचा विचार करत मी तेच एक भांडं तीनदा घासलं. शेजारीण असेल. नाहीतर 'कोणी नाही' असं लिहिलं असेल. तसं लिहिलं असेल तर उद्या त्या वर्गात प्रत्येकाचं माणूस येणार आणि ही एकटी बसणार, आणि त्याला कारण मी.

रात्रीच्या जेवणाआधी बायकोचा फोन आला. केसांचं मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिनं मलाही कधी टोकं कापू दिली नाहीत. मला वाटायचं, हट्टी आहे." मग विचारलं, "शुक्रवारचं काही बोलली?"

"नाही."

"तू विचार."

"आता कुठल्या तोंडानं विचारू?" मी म्हणालो. 

शुक्रवारी सकाळी मी चहा गाळत होतो, तर मागे स्टूल ओढल्याचा आवाज आला. ती आरशापुढे उभी होती. हात मागे, हातात कंगवा. मी गेलो, भांग काढला आणि जीव मुठीत धरून वेण्या घातल्या. उजवीकडचा कमी पडलेला भाग मी रिबिनीत लपवायला गेलो, तर ती म्हणाली, "लपवू नका. दिसू दे." मी सोडून दिलं. दुसऱ्या वेणीला गाठ मारत होतो तेव्हा ती आरशात बघून म्हणाली, "अकरा वाजता. उशीर नको."

"कुठे?" मी विचारलं. मला कळलं होतं, पण नीट ऐकायचं होतं.

"शाळेत. आणि कात्री आणू नका."

मी दहालाच दुकान बंद केलं. लग्नात घातलेला शर्ट घातला. वर्गाबाहेर आधीच रांग होती: एक बेकरीवाली आई, एक बसड्रायव्हर, एक आजोबा घड्याळं दुरुस्त करणारे. आत छोटी बाकं, भिंतीवर सगळे मुखवटे, खिडकीत सोमवारच्या कुंड्या. बाई उंच, चष्मा डोक्यावर ठेवून तो शोधणाऱ्या. ड्रायव्हरच्या पोरानं तोंडानं हॉर्न वाजवला आणि सगळा वर्ग हॉर्न वाजवू लागला. तो आवाज थांबवून बाईंनी आमचं नाव पुकारलं.

टाचणी पुढे आली. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो, सवयीनं. तिनं हातातली फूटपट्टी टेबलावर ठेवली, दोन्ही रिबिनी ओढल्या आणि मी घातलेल्या वेण्या सोडून केस मोकळे केले.

"हे सलूनमध्ये केस कापतात," ती म्हणाली. "वेण्या ह्यांना येत नाहीत, पण शिकतायत." वर्ग हसला. ती हसली नाही. "केस महिन्याला अर्धा इंच वाढतो. म्हणून केसांवरून कळतं, तेव्हा घरात कोण होतं. हे ह्यांनी मला शिकवलं."

तिनं केस पुढे घेतले आणि टोकाशी बोट ठेवलं. "हे खालचे पाच इंच माझ्या बाबांच्या वेळचे. इकडे कमी आहेत, कारण ह्यांच्या हातून चूक झाली. पण ते लिफाफ्यात आहेत. ह्यांनी जमिनीवर झोपून सगळे शोधून दिले. दुसऱ्यांचे एवढे केस होते, तरी माझे ओळखले." बोट वर सरकलं. "हे मधले अकरा इंच मी आणि आई. दोघीच होतो." मग तिनं पट्टी डोक्याला टेकवली आणि कानाखाली चिमटीत केस धरून दाखवले. "आणि हे वरचे चार इंच ह्यांच्या वेळचे."

"चारच?" पुढच्या बाकावरचा एक दात पडलेला मुलगा म्हणाला.

"आत्ता चार," ती त्याच्यावर डोळे वटारून म्हणाली. "पुढच्या वर्षी दहा होतील."

 बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, परत काढला, आणि मला म्हणाल्या, "आता तुम्ही दोन शब्द सांगा ना तुमच्या कामाबद्दल."

समोर चाळीस चेहरे होते आणि आरसा नव्हता. मी तोंड उघडलं, मिटलं. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, तर आणखीच वाहायला लागले.

"बाई, हे रडतायत," दात पडलेला ओरडला.

"रडत नाहीयेत!" टाचणी म्हणाली. "ह्यांच्या कामात केस डोळ्यात जातात, म्हणून." मग माझ्याकडे वळली आणि माझी कॉलर धरून खाली ओढली. "वाक जरा. डोळा उघडा ठेव."

मी गुडघ्यांवर बसलो. तिनं दोन बोटांनी माझी पापणी वर धरली आणि डोळ्यात जोरात फुंकर घातली.

"गेला?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं परत फुंकर घातली.